एडीएचडीची तपासणी: नीट निदान आणि नंतरचा पाठपुरावा मिळवायचा कसा

माझ्या मुलाची पहिली तपासणी बारा मिनिटांत उरकली. छापील कागदावरच्या प्रश्नांपुढे मी खुणा केल्या, डॉक्टरांनी बेरीज केली, "एडीएचडी आहे" (म्हणजे लक्ष न टिकण्याची, अतिचंचलतेची आणि उतावळेपणाची अडचण) म्हणाले, गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. मुलाशी ते एकच वाक्य बोलले: "खूप मस्ती करतोस का रे?" तो "नाही" म्हणाला.

दुसरी तपासणी आठ महिन्यांनी, दुसऱ्या ठिकाणी झाली. दोन बैठका, मिळून जवळजवळ तीन तास. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला त्याचं दप्तर उघडायला लावलं. तळाशी गणिताचा गृहपाठ चुरगळून पडला होता. पूर्ण केलेला, सगळी उत्तरं बरोबर, आणि सहा दिवसांपूर्वी द्यायचा राहिलेला. "अरे, केलास तर दिला का नाहीस?" तो जरा आठवून म्हणाला, "टीचरनी मागितला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. मग तास संपला." बाईंनी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

निदान दोन्हीकडे एकच निघालं. पहिल्या निदानातून आमच्या हाती एक गोळी आली. दुसऱ्यातून मुलाचं नेमकं कुठे अडतं ते कळलं, आणि पुढचे सगळे उपाय त्या अडण्याभोवती बेतता आले. दोन वर्षांनी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, माझंही निदान झालं. मी डॉक्टर नाही. या दोन निदानांतून जे शिकले आणि जे मला फार उशिरा कळलं, ते क्रमाने लिहिते आहे.

तपासणीत शोधतात काय

हे आधी ठाऊक असलं की समोरचा माणूस अमुक प्रश्न का विचारतोय ते उमजतं. आणि विचारायला हवं ते विचारत नसेल, तर तेही ध्यानात येतं.

बहुतेक ठिकाणी निदानासाठी डीएसएम-५ ही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची पुस्तिका किंवा जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ वापरतात. डीएसएम-५ २०१३ साली आली. तिच्यात १८ लक्षणं दिली आहेत: नऊ लक्ष न टिकण्याची, नऊ अतिचंचलता आणि उतावळेपणाची. मुलांमध्ये एखाद्या गटातली किमान सहा लक्षणं हवीत, वय १७ किंवा जास्त असेल तर पाच. ती किमान सहा महिने टिकून असायला हवीत.

एवढ्या मोजणीवर बरेच जण थांबतात. पण खरी मेहनत उरलेल्या अटींसाठी लागते. काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसत असायला हवीत (२०१३पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती). ती एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत; म्हणजे फक्त घरी, किंवा फक्त एका शिक्षकाच्या तासाला, असं चालत नाही. त्यांच्यामुळे शिक्षणात, कामात, नात्यांत खरोखर नुकसान होत असायला हवं. आणि त्या सगळ्याचं दुसरं जास्त पटणारं कारण नाही ना, हे पाहायला हवं. या चार गोष्टी कागदावरच्या खुणांवरून कळत नाहीत. त्यासाठी माणसाला त्याची गोष्ट सांगू द्यावी लागते.

जगभरात मुलांमध्ये साधारण ५ टक्के आणि मोठ्या माणसांमध्ये साधारण अडीच टक्के इतकं एडीएचडीचं प्रमाण मानलं जातं. आनुवंशिकतेचा वाटा यात फार मोठा आहे. मुलाचं निदान होताना आई किंवा बाप मनात "हे तर माझंच वर्णन" असं म्हणतो, ते त्यामुळेच.

जाण्याआधी एक कागद तयार करा

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

डॉक्टरांपुढे बसलं की आपण विशेषणं बोलतो. "फार विसराळू आहे." "लक्षच नसतं." "मी आळशी आहे." यातून समोरच्याला काही कळत नाही, कारण विसरतं प्रत्येकजणच. किती वेळा, कशात आणि त्याची किंमत काय पडली, हे सांगितलं की चित्र उभं राहतं. माझ्या स्वतःच्या तपासणीआधी मी लिहिलेल्या ओळी अशा होत्या:

मागच्या वर्षात विजेचं बिल चार वेळा उशिरा भरलं. चारही वेळा खात्यात पैसे होते.

गॅस चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाणं, महिन्यातून दोन-तीनदा.

कामावरचा अहवाल आदल्या रात्री दोनपर्यंत जागून लिहिणं, दर वेळी. आधी तीन आठवडे असतात. तीन आठवडे त्याचीच धास्ती असते, हात लागत नाही.

समोरच्याचं वाक्य तोडणं. बहीण यावरून दोनदा रुसून निघून गेली.

अशा दहा-बारा ओळी पुरतात. घर, शिक्षण किंवा काम, पैसा, नाती, वाहन चालवणं, झोप या प्रत्येकातलं एखादं तरी उदाहरण असू द्या. मुलासाठी लिहीत असाल तर पंधरा दिवस रोज रात्री दोन ओळी टिपा. महिनाभराचं एकदम आठवायला बसलात तर शेवटचं भांडण तेवढं आठवतं.

मग लहानपणचा पुरावा शोधा. मोठेपणी तपासणी करून घेणाऱ्यांची इथेच अडचण होते, कारण सात-आठ वर्षांचे असताना आपण कसे होतो हे आपल्याला नीट आठवत नाही. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर गुणांपेक्षा शेरे वाचा. माझ्या चौथीच्या पुस्तकात "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते" आणि सहावीच्या पुस्तकात "वस्तू हरवण्याचे प्रमाण कमी करावे" असं लिहिलेलं सापडलं. दुसरा शेरा वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. आई-वडील, मावशी, मोठी भावंडं, जुनी मैत्रीण, यांच्यापैकी कोणालातरी सोबत न्या किंवा फोनवर बोलायला तयार ठेवा. कोणीच उरलं नसेल, कागदही नसतील, तरी निदान होऊ शकतं. चांगला तज्ज्ञ मग शाळेतला दिनक्रम, शिक्षा, मैत्री यांबद्दल विचारत विचारत तुमच्याच आठवणीतून तो काळ उभा करतो.

सोबत आणखी एक यादी हवी: तुम्ही स्वतःला सावरायला काय काय करता. चार गजर, दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक ठिकाणी तासभर आधी पोहोचणं, सगळे हिशेब जोडीदारावर सोपवणं. मी तपासणीला दहा मिनिटं आधी पोहोचले होते. मागे लागलेले चार गजर मी सांगितले नसते, तर "वेळेवर येते" एवढंच नोंदलं गेलं असतं.

ऑनलाइन प्रश्नावली भरून जावी का? जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची एएसआरएस ही प्रश्नावली १८ प्रश्नांची आहे, पहिले सहा चाळणीसाठी. ती भरून नेली तर बोलायला सुरुवात मिळते. पण ती चाळणीच आहे. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं होत नाही. चिंता, नैराश्य किंवा नुसत्या अपुऱ्या झोपेनेही ते वाढतात.

कोणाकडे जायचं

मुलांसाठी विकास-बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही सखोल तपासणी करतात, मात्र औषध लागलं तर बहुतेक ठिकाणी ते डॉक्टरांनाच लिहावं लागतं. त्यामुळे ही दोन माणसं एकमेकांशी बोलतात का, हे आधीच विचारून घ्या. पाटीवर काय लिहिलं आहे त्यापेक्षा त्यांनी एडीएचडीचे किती रुग्ण पाहिले आहेत, आणि तुमच्या वयोगटातले पाहिले आहेत का, हे महत्त्वाचं. मुलांमधलं एडीएचडी उत्तम ओळखणारे काही डॉक्टर मोठ्यांच्या बाबतीत अजूनही "वय वाढलं की जातं ते" असं म्हणतात. ते बरोबर नाही. धावपळ कमी होते. विसरणं, दिरंगाई आणि आतली अस्वस्थता पुष्कळांची राहते.

वेळ ठरवतानाच फोनवर हे विचारा:

तपासणीला एकूण किती वेळ लागतो, आणि किती भेटी?

घरचे, शिक्षक किंवा जोडीदार यांच्याकडून माहिती घेता का?

चिंता, नैराश्य, झोप, शिकण्यातल्या अडचणी याही पाहता का?

लेखी रिपोर्ट मिळतो का?

निदान झालं तर पुढचा पाठपुरावा तुमच्याकडेच होतो का, सुरुवातीचे तीन महिने किती दिवसांनी भेट असते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं, तर मी तिथे जाणार नाही. असं मी आता म्हणते, पहिल्या वेळी मी फक्त "लवकरात लवकरची तारीख कोणती?" एवढंच विचारलं होतं.

आणखी काही गोष्टी दिसल्या तर सावध व्हा. फक्त प्रश्नावलीवर निदान देणं. न ऐकताच "तुम्ही तर शिकलेल्या आहात, तुम्हाला कसं असेल" म्हणणं. मेंदूचं स्कॅनिंग किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढून एडीएचडी "दाखवून" देण्याचं आश्वासन. रक्त, स्कॅन, ईईजी यांपैकी कोणत्याही तपासणीतून आज एडीएचडीचं निदान होत नाही. संगणकावर बसवून लक्ष मोजणाऱ्या चाचण्या असतात, त्या जोडीला उपयोगी पडतात; पण त्या चांगल्या आल्या म्हणून एडीएचडी नाही असं ठरत नाही. बुद्ध्यांक मोजण्याचीही निदानासाठी गरज नसते. शिकण्यातली वेगळी अडचण शोधायची असेल तर गोष्ट निराळी.

प्रत्यक्ष बैठकीत

चांगली मुलाखत प्रत्येक लक्षणाबद्दल दोनदा विचारते: आता कसं आहे, आणि लहानपणी कसं होतं. मोठ्यांसाठी डिव्हा-५ नावाची मुलाखत बऱ्याच देशांत वापरली जाते, तिची रचनाच अशी आहे. "हो" म्हटलं की "एखादं उदाहरण सांगा" हा प्रश्न यायला हवा. तो आला नाही तर तुम्हीच उदाहरण द्या. कागद पुढे करा. वाचून दाखवायला संकोच करू नका. आयत्या वेळी आठवत नाही, हीच तर तक्रार घेऊन आपण आलेलो असतो.

मुलांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट असते. नवी जागा, नवा माणूस, सगळ्यांचं लक्ष आपल्यावर: अशा वेळी एडीएचडी असलेलं मूल तासभर अगदी छान बसू शकतं. घरी आल्यावर आजी म्हणते, "तिथे कसा शहाण्यासारखा बसला होता!" म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत काय दिसलं त्यापेक्षा शाळेतून काय कळतं ते मोलाचं. शिक्षकांसाठीची प्रश्नावली (व्हँडरबिल्ट, कॉनर्स, स्नॅप अशी त्यांची नावं असतात) भरून घ्या, आणि जमलं तर मुलाला रोज पाहणाऱ्या दोन शिक्षकांकडून. आवडीच्या खेळात दोन तास रमतो म्हणून एडीएचडी नाही, हाही एक गैरसमज. अडचण लक्ष हवं तिथे वळवण्याची आणि कंटाळवाण्या कामावर टिकवण्याची असते.

मुलींची आणि बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या मुलीची तक्रार कोणी करत नाही. ती धांदरट ठरते, स्वप्नाळू ठरते, मोठेपणी चिंतेवरच्या गोळ्या घेते. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीच्या काळात लक्षणं वाढल्याचं अनेक जणी सांगतात. विचारलं नाही तरी हे सांगा.

दुसरं काही तर नाही ना

हा भाग वगळणारी तपासणी अपुरी. झोपेत श्वास अडकणं, थायरॉइडचा बिघाड, लोह कमी असणं, कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, काही सेकंद शून्यात बघायला लावणारा फिटचा एक प्रकार: या सगळ्यांत मूल किंवा मोठा माणूस "लक्ष नसलेला" दिसतो. त्यासाठी काही साध्या तपासण्या सांगितल्या तर कुरकुर करू नका.

मनाच्या आजारांत फरक करायला काळाची रेषा उपयोगी पडते. नैराश्य येतं आणि जातं; त्याच्या आधी माणूस वेगळा असतो. बायपोलर या आजारात मूडच्या चढ-उतारांचे काळ असतात. एखाद्या आघातानंतर सुरू झालेलं विस्कटणं त्या तारखेपासून मोजता येतं. एडीएचडी मात्र लहानपणापासून सलग सोबत असतं, परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होत. म्हणून घरी बसून आयुष्याची एक आडवी रेघ काढा आणि तिच्यावर शाळा, घर बदलणं, मृत्यू, आजार, नोकऱ्या मांडा. माझ्या डॉक्टरांनी ती रेघ पाहूनच विचारलं, "तिसऱ्या नोकरीत दोन वर्षं बरी गेली, तेव्हा काय वेगळं होतं?" तिथे दर सकाळी कामं वाटून देणारी एक वरिष्ठ बाई होती. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

बऱ्याचदा उत्तर "हेही आणि तेही" असं निघतं. एडीएचडीबरोबर चिंता, नैराश्य, शिकण्यातली अडचण, ऑटिझम यांपैकी काही असणं अगदी नेहमीचं आहे. मग आधी कशावर उपचार करायचे, हे विचारा आणि त्याचं कारणही विचारा. तीव्र नैराश्य किंवा बायपोलर असेल तर साधारणपणे त्याला आधी हात घालतात. दारू किंवा नशेची सवय असेल तर तीही लपवू नका. औषधाची निवडच त्यावर बदलते.

रिपोर्ट आणि निकाल

लेखी रिपोर्ट मागून घ्या. त्यात कोणाकोणाशी बोलणं झालं, कोणती लक्षणं आता आणि लहानपणी आढळली, कशात नुकसान होतं, दुसरं काय तपासलं, निदान कोणत्या प्रकारचं आणि पुढे काय करायचं, एवढं असावं. शाळेत जादा वेळ किंवा कामावर काही सवलत मागायची तर हाच कागद लागतो. मुलाच्या रिपोर्टमध्ये त्याला काय छान जमतं हेही लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं, कारण मोठा झाल्यावर तो हा कागद वाचणार आहे.

उत्तर "एडीएचडी नाही" असं आलं तर "मग ही अडचण कशामुळे आहे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. कारण पटण्यासारखं असेल तर त्यावर उपचार घ्या. कारण दिलंच नाही, किंवा लहानपणाबद्दल विचारलंच नाही, तर दुसरं मत घेणं पूर्ण रास्त आहे. फक्त पहिला रिपोर्ट लपवू नका.

औषध सुरू करताना

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणाने (मुलाला कसं हाताळायचं ते शिकवून) करतात. त्यापुढे औषधाचा विचार होतो, आणि घ्यायचं की नाही हा निर्णय तुमचा असतो. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातलं औषध सगळ्यांत जास्त वापरलं जातं. साधी गोळी सुमारे चार तास चालते, दीर्घकाळ चालणारी साधारण आठ ते बारा तास. काही देशांत अँफेटामिन वर्गातली औषधं मिळतात, तीही उत्तेजकच. अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही. त्याचा परिणाम कळायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. ग्वानफेसिन आणि क्लोनिडिन ही उत्तेजक नसलेली आणखी दोन औषधं अचानक बंद करायची नसतात, रक्तदाब एकदम चढू शकतो.

पहिली गोळी घेण्याआधी वजन, नाडी आणि रक्तदाब मोजलेला हवा, मुलांची उंचीसुद्धा. तुम्हाला हृदयाचा काही त्रास आहे का, कधी व्यायाम करताना भोवळ आली का, घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं का, हे विचारलं गेलं पाहिजे. तसं काही असेल तर ईसीजी काढतात.

मग डोस शोधणं सुरू होतं. उत्तेजक औषधांचा योग्य डोस वजनावरून सांगता येत नाही. कमीपासून सुरू करून, पायरीपायरीने वाढवत, उपयोग आणि त्रास यांचा मेळ जिथे चांगला बसतो तिथे थांबायचं. हे काम काही आठवड्यांचं असतं आणि त्या काळात डॉक्टरांशी वरचेवर बोलणं व्हायला हवं. आमच्या पहिल्या ठिकाणी "तीन महिन्यांनी या" म्हणाले, तिथेच सगळं फसलं होतं. सुरुवातीचा डोस हाच कायमचा डोस झाला, आणि मुलाला त्याचा ना धड उपयोग ना धड त्रास.

याचा पुरावा जुना आहे. १९९९ साली अमेरिकेतला एमटीए हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं, १४ महिने. एका गटाचा डोस सुरुवातीला काळजीपूर्वक शोधला, मग दर महिन्याला भेट ठेवली. दुसरा गट आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात राहिला. त्या दुसऱ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं, तरी लक्षणं पहिल्या गटात स्पष्टपणे जास्त कमी झाली. आणि अभ्यासातली ती काटेकोर देखरेख संपल्यावर, तीन वर्षांच्या टप्प्यावर, गटांमधला फरक उरला नव्हता. मला पाठपुराव्याबद्दल इतकं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते यामुळेच.

घरी एक वही ठेवा. गोळी किती वाजता, परिणाम कधी सुरू झाला, कधी ओसरला, भूक, झोप, मूड, आणि आधी ठरवलेल्या दोनच गोष्टी. आमच्या दोन होत्या: "गृहपाठ टीचरच्या हातात गेला का" आणि "रात्री झोप किती वाजता लागली". तीन आठवड्यांची पानं उलटताना दिसलं की रोज साडेचारच्या सुमारास रडारड होते. मी ते शाळेच्या थकव्यावर टाकलं होतं. डॉक्टरबाईंनी दोन रकाने शेजारी धरले: गोळी तेव्हाच ओसरत होती, आणि डबा जवळजवळ भरलेला परत येत होता. दीर्घकाळ चालणारी गोळी, सकाळी गोळीआधी भरपेट खाणं, आणि घरी आल्या आल्या काहीतरी पोटात. पुढच्या आठवड्यात साडेचारच्या रकान्यात "खेळायला गेला" असं लिहिलं आहे.

भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, डोकेदुखी, नाडी थोडी वाढणं हे त्रास नेहमीचे. बहुतेक वेळा डोस, वेळ किंवा औषध बदलून सुटतात. मूल शांत झालं पण हसेनासं झालं, "स्वतःसारखं वाटत नाही" म्हणालं, तर डोस जास्त झालेला असू शकतो. ते चालवून घेऊ नका. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, भास होणं, अतोनात उधाणलेला मूड किंवा मरणाचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच संपर्क करा.

एक औषध चाललं नाही म्हणजे उपचार संपले असं नसतं. मिथाइलफेनिडेट न मानवलेल्या पुष्कळांना दुसऱ्या वर्गातलं औषध मानवतं.

गोळीखेरीज

औषधाने लक्ष टिकायला मदत होते. वेळेचा अंदाज, कामाचे तुकडे पाडणं, वस्तूंना ठरलेली जागा हे शिकावं लागतं. मोठ्यांसाठी एडीएचडीला धरून आखलेली सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती), मुलांसाठी पालकांचं प्रशिक्षण आणि शाळेशी ठरवलेले साधे बदल. आमच्या शाळेने एकच गोष्ट केली: टीचर तास सुरू होतानाच त्याच्या बाकाशी जाऊन गृहपाठ हातात घेतात. इतर सगळ्या सूचनांपेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला, कारण ती दप्तरातल्या त्या कागदावरून सुचली होती. आहारातले पूरक पदार्थ, मेंदूचे खेळ यांच्या जाहिराती खूप दिसतील. त्यांच्यामागचा पुरावा तोकडा आहे. पैसे आणि उमेद आधी वरच्या गोष्टींवर खर्च करा.

पुढची वर्षं

डोस बसला की भेटी विरळ होतात, बंद होत नाहीत. नाडी आणि रक्तदाब दर डोसबदलानंतर आणि नंतर दर सहा महिन्यांनी. मुलांची उंची सहा महिन्यांनी. वजन दहा वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, मोठ्या मुलांचं सुरुवातीला तीन आणि सहा महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा तरी नीट बसून आढावा: औषध अजून लागतंय का, डोस बरोबर आहे का, कुठे अडतं आहे, झोप कशी आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हेच वेळापत्रक आहे. प्रत्येक भेटीत पहिली पाच मिनिटं मुलाशी एकट्याशी बोलायला सांगा.

गरोदरपणाचा विचार, नवी नोकरी, मोठी परीक्षा, दुसरं कुठलं औषध सुरू होणं, अशा वेळी ठरलेल्या तारखेआधीच भेट घ्या. उत्तेजक औषधं नियंत्रित असतात: कुलपात ठेवा, मित्राला "एक देऊन बघ" करू नका, परदेशी जाताना चिठ्ठी सोबत ठेवा आणि त्या देशाचा नियम आधी पाहा, कारण काही देशांत ती चालत नाहीत.

मूल अठरा वर्षांचं होताना बालविभागातून मोठ्यांच्या विभागात जावं लागतं, आणि नेमके याच काळात कित्येकांचे उपचार तुटतात. वर्षभर आधीपासून विचारायला लागा. डॉक्टर बदलायचे झाले तर एका फाइलमध्ये तपासणीचा रिपोर्ट, आजवरची औषधं आणि त्यांचे डोस, कोणतं का बंद केलं, वजन-उंची-रक्तदाबाच्या नोंदी आणि वहीची शेवटची काही पानं ठेवा.

आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी पुढची तारीख घ्या, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीची. ती तिथेच, दारात उभं राहून, फोनमध्ये दोन गजरांसकट टाका.